पंखा बंद झाला की

“तिचा पंखा बंद झाला,” आई म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती. पप्पांशीही नाही, ते न्हाणीत होते. स्वतःशीच, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलली, आणि कणकेने भरलेले हात तसेच ठेवून भिंतीकडे बघत राहिली. भिंतीपलीकडे जुलेखामावशीची खोली. तिच्या छताचा पंखा प्रत्येक फेरीला कुरकुरायचा. सुरतेत, नवागामच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे तो पंखा आमच्याही घरात फिरायचा असं म्हटलं तरी चालेल. त्याच्या कुरकुरीवर मी बारावीचा अभ्यास केला. तिची इतकी सवय होती की ती चालू असताना ऐकू यायची नाही, थांबली की ऐकू यायची.

आईने हात धुतले, मांडणीवरची वाटी घेतली आणि बाहेर जाऊन शेजारचं दार वाजवलं. “जुलू, चिमूटभर मीठ दे वं.”

आमच्या घरातली मिठाची बरणी काठोकाठ भरलेली होती.

बराच वेळ कुणी दार उघडलं नाही. आईने पुन्हा वाजवलं, मग वाटीनेच वाजवलं. शेवटी कडी निघाली. जुलेखामावशीने मीठ दिलं, आई तिथेच उभी राहून गावाकडच्या कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत राहिली, आणि तेवढ्यात आत पंखा परत कुरकुरायला लागला. आई घरी आली आणि तिने ते मीठ बरणीत ओतलं. पप्पा न्हाणीतून बाहेर येत म्हणाले, “समुद्र होईल एक दिवस आपल्या घरात.” पण ते हसले नाहीत.

मावशीचा नवरा अक्रमभाई सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये रातपाळीला असायचा आणि सकाळी घरी यायचा. तो ओरडणारा माणूस नव्हता. ओरडणारी माणसं चाळीत होती, त्यांची भीती वाटायची नाही. ती काय करतील ते आधीच सगळ्यांना कळायचं. अक्रमभाई बोलायच्या आधी पंखा बंद करायचा. मावशीने एकदा आईला कारण सांगितलं होतं. पंख्याच्या आवाजात तिला आपला एखादा शब्द ऐकू आला नाही तर, असं त्याला वाटायचं. प्रत्येक शब्द तिने ऐकलाच पाहिजे. मग तो अगदी हळू बोलायचा. भिंतीला कान लावला तरी शब्द कळायचे नाहीत. त्यानंतर काहीतरी पडल्यासारखा एकच आवाज, आणि मग पंखा. एवढंच. बाहेर भेटला की मला “कैसी चल रही है पढ़ाई, बेटा?” असं विचारायचा. मी मान हलवायचे आणि जिन्यावर एका बाजूला व्हायचे.

जुलेखामावशी दोंडाईच्याची. माझ्या आजोळापासून फार लांब नाही. नवऱ्याशी हिंदी, दुकानदाराशी गुजराती आणि आईशी अस्सल अहिराणी बोलायची. त्या अहिराणीवरून तिची आणि आईची मैत्री झाली. दोघी मागच्या गल्लीतल्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बॉबिन भरायच्या. मावशी उंच, हडकुळी, आणि संध्याकाळी खात्यातून आली की तिच्या भुवयांवर धाग्यांचे बारीक तंतू चिकटलेले असायचे, म्हातारी झाल्यासारखे. ते ती आमच्या आरशात बघून पुसायची आणि म्हणायची, “ल्या, जवान व्हयनू मी परत.”

खात्यात पन्नासेक माग एकदम चालतात. तिथे माणसाचा आवाज कामाचा नसतो. एक तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर नुसते ओठ हलवायचे. जुनी माणसं ओठच हलवतात. समोरचाही ओठच वाचतो. वीस फुटांवरून, मशीन चालवता चालवता, सासूपासून शेठपर्यंत सगळ्यांची निंदा होते आणि कुणाला ऐकू जात नाही. मावशीला या बोलीची इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा ती अर्धं बोलणं आवाजाशिवायच करायची. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती मला समोरून विचारायची. ओठ फक्त हलायचे: ‘जेवनी का वं, इंग्लिश मीडियम?’

तिने माझं नावच ते ठेवलं होतं. मी इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले आणि कुणाशी बोलत नसे. चाळीतल्या बायकांना वाटायचं मला गर्व आहे. मावशीला तसं वाटलं नाही. तिने मला ओठ वाचायला शिकवलं आणि मला ते फार आवडलं, कारण त्यात आवाज काढावा लागत नाही. एकदा घरमालक भाडं मागायला दारात उभा होता. तो मोठमोठ्याने मीटरबद्दल बोलत होता आणि मावशी त्याच्या पाठीमागून माझ्याकडे बघून ओठांनी सांगत होती: ‘याच्या चड्डीची नाडी लोंबस. बघ. पाय अडकी पडी.’ मी हसू दाबताना खोकले. मालक म्हणाला, “बेबीला दवा आपो.”

पण सगळ्यात गमतीने ती आपल्या निकाहाची गोष्ट सांगायची. खात्यातल्या बायकांनी ती शंभरदा ऐकलेली होती. आतल्या खोलीत ती लाल ओढणीखाली बसलेली. वकील आणि दोन साक्षीदार दारात येऊन विचारतात, कबूल है का. मुलगी लाजते, बोलत नाही, असा सगळ्यांचाच अनुभव. हिला लाज नव्हती आली, घशाला कोरड पडली होती. मुलगा तिने पाहिलेला नव्हता. तिने ओढणीखाली तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. मागून फुफीने, तिच्या आत्याने, तिचं डोकं हाताने खाली दाबलं, आणि बाहेर जाहीर केलं, “हां बोली, हां बोली.” बाहेर मुबारकबाद सुरू. “मी बोलनूच नही वं!” मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगायची. “मना निकाह फुफीसंगे व्हयना.”

आई त्यावर हसायची नाही.

एक दिवस तिने मला गॅलरीतून एक प्रश्न विचारला. दुपार होती, अक्रमभाई आत झोपलेला. ती त्याचाच शर्ट पिळत होती. ओठ हलले: ‘बाईले मांगता येस का?’

मी हाताने विचारलं, काय?

‘तलाक.’

मी तो शब्द तीनदा वाचला. मग आत येऊन मोबाइलवर शोधलं. जे सापडलं त्यातलं मला निम्मंच समजलं, पण एवढं कळलं की मागता येतो. बाईने स्वतःहून मागायचा त्याला खुला म्हणतात. बाई मेहर, म्हणजे निकाहात ठरलेली रक्कम, सोडते आणि नवरा मान्य करतो. मी परत गॅलरीत जाऊन तिला ओठांनी ते सांगितलं. आयुष्यात इतकं लांब मी कुणाशी बोलले नव्हते. ती पिळलेला शर्टच परत पिळत राहिली. मग तिने विचारलं, ‘त्याले इचारनं पडी?’

विचारावं लागणारच होतं. मशिदीजवळच्या मदरशाच्या खोलीत जमातीचे एक बुजुर्ग अशी प्रकरणं ऐकायचे. मावशीचं सुरतेत कुणी नव्हतं, भाऊ दोंडाईच्यात, त्याचं पंक्चरचं दुकान. म्हणून सोबतीला आई गेली आणि आईबरोबर मी. बायकांना हिरव्या पडद्याआड बसवलं होतं. आमच्याबरोबर अक्रमभाईची खाला, त्याच्या आईची बहीण, होती, पान खाणारी, जाडजूड बाई. मावशीच्या अगदी चिकटून बसली. पडद्यापलीकडे अक्रमभाई बोलत होता, तसाच हळू. त्याचं घर त्याला मोडायचं नाही. डोकं कुणाचं गरम होत नाही? खुला तो देणार नाही. बायको समजूतदार आहे, शेजाऱ्यांनी कान भरलेत.

बुजुर्ग चांगले होते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांचा आवाज थकलेला आणि मऊ होता. त्यांनी त्याला खडसावलं, हात उचलणं हराम आहे म्हणाले. मग पडद्याकडे वळून विचारलं, “बेटी, तुम बताओ. क्या चाहती हो? वापस जाना है?”

तिथे पंखा नव्हता. रस्त्याचा आवाजही पोचत नव्हता. मी मावशीकडे बघत होते. तिचे ओठ स्पष्ट हलले: ‘नही.’ पुन्हा: ‘नही जावानं.’ घशातून काही आलं नाही. पडद्यापलीकडच्या माणसांना ओठ कसे दिसणार?

“ज़ोर से कहो, बेटी. डरो मत.”

खालाने तिच्या पाठीवर हात ठेवला. दिसायला मायेचा होता. “हां बोल रही है,” ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली. “शरमाती है.”

“नही म्हणस ती!” आई ओरडली. “नही म्हणस! मी बघी राहिनू ना!”

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग बुजुर्ग म्हणाले, “बहन, तुम्हारी आवाज़ तो आ रही है. मुझे उसकी चाहिए.”

ते वाट बघत राहिले. खरंच बघत राहिले. मावशीचे ओठ हलतच होते. शेवटी ठरलं, ईदपर्यंत एकत्र राहून बघा, मग या. जिन्यावरून उतरताना अक्रमभाईने तिचा हात धरला आणि आईला म्हणाला, “अब नमक की ज़रूरत पड़े तो दुकान से ले लेना, भाभी.”

त्यानंतर तिचं खात्यातलं काम बंद झालं. तो मिलला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. आता आम्ही तिला फक्त गॅलरीकडच्या छोट्या खिडकीतून बघायचो. एकदा सकाळी मी बादली घेऊन जात होते तर ती गजांमागे उभी होती. ओठांनी भराभर सांगत होती. भावाला फोन लाव, माझा फोन त्याने घेतलाय, भावाला म्हणावं, ये. मी वाचत होते. तिच्या मागे, खोलीच्या अंधाऱ्या भागात, अक्रमभाई पलंगावर झोपलेला दिसत होता. पंखा कुरकुरत होता.

मग मला दिसलं की त्याचे डोळे उघडे आहेत.

तो हलला नव्हता. तसाच पडून, मावशीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मावशीची पाठ त्याच्याकडे होती, तिला माहीत नव्हतं. ती बोलतच होती. मला तिला सांगायचं होतं, पण माझे ओठ मी हलवू शकत नव्हते, कारण तेव्हाच मला आठवलं: मिलमध्ये लागायच्या आधी तोसुद्धा दहा वर्षं लूमवर होता. मी जे बोलेन ते तोही वाचणार. मी नुसती उभी राहिले. बादलीची कडी हातात रुतत होती. मावशीने माझे डोळे बघितले आणि तिचे ओठ थांबले.

“बोल, बोल,” तो पडल्या पडल्याच म्हणाला. “रुक क्यूँ गई?”

तो उठला. बटणाकडे गेला. कुरकूर थांबली.

मी धावत घरात आले. मला काही सांगावं लागलं नाही. आईने वाटी उचलली होती.

त्या दिवशी आईने दार फोडायचं बाकी ठेवलं. वाटी आपटत होती आणि ओरडत होती, “जुलू, मीठ! घरमा मीठ नही!” खोल्याखोल्यांतून बायका बाहेर आल्या. कोपऱ्यावरची ओडिया भाभी पोळपाट घेऊनच आली. एवढ्या बायका बघून त्याने दार उघडलं आणि हसून बाजूला झाला. “दे दे भाई, नमक दे दे इनको.” मावशी आतून आली. एक गाल सुजायला लागला होता. तिने मुठीतलं मीठ आईच्या वाटीत टाकलं, उंबरा ओलांडला, आणि थांबली नाही. अनवाणी, आईच्या बाजूने, बायकांच्या मधून, आमच्या घरात. आईने आतून कडी लावली. मावशीच्या मुठीत अजून मीठ होतं. ते तिने संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

मी फोन लावला आणि रात्रीच्या गाडीने भाऊ येऊन तिला घेऊन गेला. पण जायच्या आधी आम्ही तिला एका वकीलबाईंकडे नेलं. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या ओळखीच्या, सुरतेच्याच, मुसलमान, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी गालाकडे बघितलं आणि आधी म्हणाल्या, “सरकारी दवाखान्यात जाऊन हे लिहून घ्या. आजच.” मग पाणी दिलं.

“आता ऐक,” त्या हिंदीत सांगायला लागल्या. “दोघं राजी असतील तर बसून तोडता येतं. तू मागितलंस आणि तो देतो म्हणाला, तर खुला. तो देत नाही. ठीक. देऊ नको म्हणावं. मग कोर्ट. बायकांसाठी कायदा आहे, तुझ्या आजीच्या वेळेपासून आहे. मारतो, कोंडून ठेवतो, हे जुलूम झालं. जुलूम सिद्ध केला की कोर्ट निकाह तोडतं.”

मावशीचे ओठ हलले. वकीलबाईंना कळलं नाही. आई म्हणाली, “ती विचारते, त्याची हां लागते का?”

“नाही लागत.”

मावशीने परत तेच विचारलं, ओठांनीच.

“अगं, नाही लागत! किती वेळा सांगू? त्याच्या हां-ना ला तिथे कोण विचारतं?” मग त्या जरा थांबल्या. चष्मा खाली घेतला आणि मावशीकडे नीट बघितलं. “पण तुझी लागते. जज्जसाहेब आधी समेट करायला बघतात, ते त्यांचं कामच आहे. ते तुला विचारतील, नांदायला जाणार का. ते मी नाही सांगायचं, तू सांगायचं. तिथे गप्प बसलीस तर पुन्हा घरी पाठवून बघू म्हणतील. आणि ही,” आईकडे बोट करून, “ही ओरडली तर हिला बाहेर काढतील.”

मावशीने मान हलवली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते.

तारीख लागली तेव्हा ती दोंडाईच्याहून एकटी आली. भाऊ आजारी होता. उधना स्टेशनवर उतरली आणि आम्हाला भेटली. भुवया पुसल्यासारखा हात फिरवून म्हणाली, “आते काही धागा नही, तरी पुसस.” ती अंगाने भरली होती थोडी. पण कोर्टाच्या जिन्यावर अक्रमभाई दिसला, आणि तिची पावलं आपोआप लहान झाली, मी पाहिलं. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईला सलाम केला.

त्या दिवसानंतर मी तिला पाहिलेलं नाही. ती तिथूनच परस्पर गाडीला गेली, पुढच्या तारखांना मी नोकरीच्या ट्रेनिंगसाठी वडोदऱ्याला होते. म्हणून माझ्याकडे तिचं शेवटचं जे आहे ते त्या खोलीतलं आहे.

आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं होतं. वर मोठा, जुना पंखा होता आणि तो आमच्या भिंतीपलीकडच्यापेक्षा जास्त वाजत होता. अक्रमभाई आधी बोलला. “साहेब, मुझे तो घर बसाना है. आज भी लेके जाने को तैयार हूँ.” इतकं नम्रपणे की साहेबांनी मान डोलावली.

मग त्यांनी मावशीला विचारलं. आधी गुजरातीत, मग हिंदीत. “आपको इनके साथ जाना है?”

मी बाजूने तिचा चेहरा बघत होते. ओठ हलले. ‘नही जावानं.’ स्पष्ट होतं. पण फक्त मला स्पष्ट होतं, आणि आईला, आणि आणखी एकाला.

“बेन, मोटेथी बोलो,” साहेब म्हणाले.

पुन्हा ओठ. टायपिस्टची बोटं वर थांबलेली.

“साहेब,” अक्रमभाई हळूच म्हणाला, “लूम पे काम करती थी न, आवाज़ की आदत नहीं रही. मैं भी लूम पे था, मैं समझता हूँ उसके होंठ. हां बोल रही है.”

आईची पाचही बोटं माझ्या मनगटात रुतली. तिचं तोंड उघडलं होतं. वकीलबाईंनी मागे वळून तिच्याकडे असं बघितलं की ते तसंच उघडं राहिलं. मावशीने मान वळवून अक्रमभाईकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. फुफी झाली, खाला झाली, आता हा.

“एमने बोलवा दो,” साहेब त्याला म्हणाले, तिला बोलू द्या. मग कपाळाला आठी घालून वर बघितलं आणि शिपायाला हात केला. “पंखो बंध करो जरा.”

शिपाई भिंतीकडे गेला. बटणाचा आवाज झाला. पाती हळूहळू दिसायला लागली, एक एक वेगळी, आणि थांबली.

मी त्या शांततेला लहानपणापासून ओळखत होते. आईचा दुसरा हात मांडीवर काहीतरी चाचपत होता. तिच्या हातात वाटी नव्हती. तिथे वाजवायला दार नव्हतं. मावशीचे खांदे वर, कानांपर्यंत आले होते, जसे मार चुकवताना येतात. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती. डोळे मिटलेले. तिने श्वास घेतला, तो सगळ्या खोलीला ऐकू गेला.

आणि मग तो आवाज आला. पन्नास माग चालू असताना पलीकडच्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तसा, बेंबीच्या देठापासून, त्या बारक्या खोलीत. टायपिस्ट खुर्चीतून अर्धी उठली. दाराबाहेरचे लोक आत डोकावले.

“मुझे नहीं जाना, साहेब! नहीं जाना! लिखो!”